दुर्गाबाईच्या टाळ्या

पायलने प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं, मायक्रोफोनसमोर उभी राहिली आणि जोरजोरात टाळ्या वाजवू लागली. टेबलावरच्या पडद्यावर एक हिरवी पट्टी पुढे सरकू लागली. ती थांबली, तशी पट्टीही थांबली. मग तिने घसा साफ करून गाण्याची एक ओळ म्हटली. या वेळी पट्टी निळी उमटली. शेवटी तिने डब्याच्या झाकणावर चमचा वाजवला आणि पट्टी पिवळी झाली.

"कुणाचा सत्कार चाललाय?" दारातून तिच्या मार्गदर्शक रागिणी मॅडमनी विचारलं.

"मशीनची परीक्षा घेत होते, मॅडम. टाळ्यांना हिरवं, गाण्याला निळं, वाद्याला पिवळं. कुठेच चुकत नाहीये."

"मग तोंड का उतरलंय?"

 पायलने चमचा डब्यात ठेवून झाकण लावलं.

अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ती एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला होती. अकोल्याच्या एका ध्वनिसंग्रह मंडळाकडे वऱ्हाडातल्या गावोगावच्या कॅसेटी जमल्या होत्या. भजनी मंडळांच्या, खडी गंमत या लोकनाट्याच्या, भीमजयंतीच्या कार्यक्रमांच्या. एकेका कॅसेटीत गाणी, भाषणं, लाऊडस्पीकरची शिट्टी, हरवलेल्या पोराचा पुकारा, सगळं एकात एक. त्यातून गाणी वेगळी काढायची तर कुणीतरी बसून सगळं ऐकायला हवं होतं. ते काम मशीनला शिकवायचं, हा पायलचा विषय. गाणं संपलं की टाळ्या पडतात. टाळ्या सापडल्या की गाण्याचा शेवट सापडला. गळ्याचा सूर एका जागी ठरतो आणि पडद्यावर त्याच्या आडव्या रेघा दिसतात. टाळ्यांना सूर नसतो. ट्रकमधून मुरूम ओतावा तसा त्यांचा आवाज खालपासून वरपर्यंत सगळीकडे पसरतो. एवढ्या फरकावर तिने मशीनला तयार केलं होतं, मोठ्या शहरांतल्या सभागृहांमधल्या मैफली ऐकवून ऐकवून.

मंडळाचे अध्यक्ष महादेवराव हे अकोटकडचे शेतकरी, भजनाच्या नादाने सगळा जिल्हा फिरलेले. टाळ्यांचा आणखी एक उपयोग त्यांनी काढला होता. तपासण्यापुरती कच्ची नक्कल झाली होती, पण मूळ फितींना बुरशी लागत चालली होती आणि एकेक गाणं फितीवरून नीट साफ करून घ्यायचं, तर सगळी एकदम मंडळाला झेपणारी नव्हती.

"कोनतं गानं आधी घ्यायचं हे ठरवनारे आपन कोन?" ते बैठकीत म्हणाले होते. "ज्या गान्याले तवाच्या लोकायनं टाळ्या देल्ल्या, ते आधी. बाकीचं मागाहून पाहू."

मागाहून म्हणजे कधी, ते त्यांनाही सांगता आलं नव्हतं. आणि बुरशी काही कुणासाठी थांबणार नव्हती.

पायलने मॅडमसमोर ती कॅसेट लावली. धामणगाव रेल्वेजवळच्या तिच्या गावची, चौऱ्याऐंशी सालच्या जयंतीची. शेषराव गुरुजींनी, म्हणजे गावच्या शाळामास्तरांनी, आपल्या टेपरेकॉर्डरवर ती भरली होती. गाणारी पार्टी देवमन यांची. देवमन हे पायलच्या आजोबांचे थोरले भाऊ. घरातली लहानमोठी सगळीच त्यांना मोठे बाबा म्हणत. त्यांचं गाणं संपलं की पडद्यावर हिरवी पट्टी येई, पुढचं संपलं की पुन्हा येई. मधेच एका तरुण बाईचा उंच, जरासा कापरा आवाज लागला.

*खुरपं राहू दे बांधावर माय, लेकीच्या हाती पाटी दे...*

"ही माझी आजी. दुर्गाबाई," पायल म्हणाली. "गाणंही तिचंच आहे, तिनेच रचलेलं. पुढच्या कडव्यात दारू पिऊन पारावर बसणाऱ्या बापांना तिने चांगलं झोडपलंय."

गाणं संपलं. निळी पट्टी तुटली. हिरवं काहीच आलं नाही. नुसतं पिवळं सरकत गेलं, खंजिरीसारखं काहीतरी खुळखुळत राहिलं, आणि त्यावर देवमन यांच्या पुढच्या गाण्याची पेटी सुरू झाली.

या शांततेची गोष्ट पायल लहानपणापासून ऐकत आली होती. लग्नात, तेरवीत, कुठेही चार माणसं जमली की मोठे बाबा ती सांगत. "दुर्गाबाईचं गानं सरलं, अन् सभा अशी गप्प, अशी गप्प, का मले वाटलं लोक घरी गेले!" सगळे हसत. आजीही हसे आणि चहाचे कप गोळा करी. त्यानंतर ती स्टेजवर कधी चढली नाही.

"पूर्ण कॅसेटीत तिचं एवढं एकच गाणं आहे," पायल म्हणाली. "आणि हे सफाईच्या पहिल्या खेपेत जाणार नाही."

रागिणी मॅडम खुर्ची ओढून बसल्या. त्या कडक होत्या, पण तोडून बोलायच्या नाहीत.

"तुझ्या मनात काय आलंय ते मला कळतंय. हाताने आत घालू नकोस. घरचं म्हणून एक गाणं घातलंस, तर बाकीच्या सगळ्या निवडीवर कुणी विश्वास ठेवायचा?"

"नाही घालणार, मॅडम."

तिने शब्द दिला आणि तो मनापासून दिला. मशीन तिचंच होतं. ते खरं बोलतं, याचाच तर तिला अभिमान होता.

---

पुढच्या आठवड्यात गावी लग्न निघालं. देवमन यांची नात नीलम, पायलच्याच वयाची. पायल लॅपटॉप घेऊनच गेली, कारण अकोल्याच्या मंडळापुढचं प्रात्यक्षिक जवळ आलं होतं.

तिचे वडील नागसेन धामणगावात पंपाच्या जळालेल्या मोटारींची वायर नव्याने भरून देण्याचं दुकान चालवत. लग्नाला आलेल्या प्रत्येक पाहुण्यापुढे ते तिला उभं करत.

"हे माही पोरगी. मशीनले आयकाले शिकवून राह्यली."

"आयकाले? मंग बोलाले कधी शिकवते?" कुणीतरी विचारी.

"बोलनारे लय हायेत," नागसेन म्हणत, आणि स्वतःच खूश होत.

हळदीच्या दुपारी मांडवात बायांनी नीलमला मधे बसवून गाणी धरली होती. पायल पाण्याचा जग घेऊन घरातून येत होती. मांडवाला तिची पाठ होती, एका म्हाताऱ्या पाहुण्याला ती पाणी देत होती. मागे गाणं सरलं आणि खुळखुळाट उठला.

"खंजिरी कोनं आनली?" तिने न वळताच विचारलं.

"कायची खंजिरी?" नीलम म्हणाली.

पायल वळली. बाया टाळ्या वाजवत होत्या. कालच बांगड्या भरणारी येऊन गेली होती. कोपरापर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्या भरलेले ते हात एकमेकांवर आपटत होते, आणि तळव्यांच्या आवाजाच्या वर, त्याला झाकून टाकत, काच वाजत होती.

पाहुण्याने पेला पुढे धरला होता, तो तसाच राहिला. पायलने जग खाली ठेवला आणि धावत जाऊन लॅपटॉप आणला.

"पुन्हा वाजवा," ती म्हणाली.

"काहून वो? काय झालं?" दुर्गाबाईने विचारलं. ती नीलमच्या मागे बसून तिच्या पाठीला हळद लावत होती.

"वाजवा नं, आजी. सगळ्याजनी वाजवा."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं, हसल्या आणि वाजवल्या. पडद्यावर पट्टी उमटली. पिवळी. पहिल्यापासून शेवटपर्यंत पिवळी.

मग ती दुपार हळदीची राहिली नाही. पायलने आधी बांगड्या भरलेल्यांना वाजवायला लावलं, मग कमी बांगड्यांवाल्यांना, मग पोरींना मोकळ्या हातांनी. पुन्हा सगळ्यांना एकदम, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन. लॅपटॉप कधी जवळ, कधी लांब.

"अवो बाप्पा, इतकी शिकली अन् टाळ्या गोया करून राह्यली हे पोरगी!" एक बाई म्हणाली.

"वाजव वो तू. तुह्या हातानं तिले नंबर भेटन," दुसरी म्हणाली.

दुर्गाबाईच्या हातात दोन-दोनच बांगड्या होत्या. तिने हळदीचे हात पदराला न पुसताच टाळ्या वाजवल्या. नातीला नेमकं काय सापडलं ते तिला कळलं नव्हतं. सापडलं आहे एवढं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, आणि दुर्गाबाई सगळ्यांहून जास्त वेळ वाजवत राहिली.

---

"काचेला स्वतःचा बारीक सूर असतो, मॅडम," पायल सांगत होती. अमरावतीला परतल्यावर ती तडक मॅडमकडे गेली होती. "टाळीचा आवाज पसरतो, पण त्याच्यावर हा सूर चढून बसतो. मशीनला वाटतं, झांज आहे, खंजिरी आहे. मी त्याला ज्या मैफली ऐकवल्या, त्यांत अशा टाळ्या नव्हत्याच. कोपरभर बांगड्या घालून तिथे कोण बसलं होतं?"

रागिणी मॅडमनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. एका हातात घड्याळ होतं, दुसरा मोकळा होता.

"म्हणजे बायकांच्या टाळ्या त्याला टाळ्या वाटतच नाहीत."

"वाटत नव्हत्या."

"एक विचारू? हे तू आजीच्या गाण्यासाठी करतेयस?"

"सुरुवात तिथूनच झाली, मॅडम. खोटं कशाला बोलू?"

"ठीक आहे. मग एकट्या तिच्यासाठी करायचं नाही. मशीनला पुन्हा शिकव आणि सगळ्या कॅसेटींवर चालव. आणि ज्यांना कॅसेट कुठली, गाणारं कोण, काही माहीत नाही अशा दोघांना ऐकायला बसव. त्यांचे कान आणि तुझं मशीन जुळलं, तर मी स्वतः अकोल्यात उभी राहून सांगेन."

पायलने मांडवातल्या टाळ्या मशीनला दिल्या. त्या पुरेनात, तेव्हा ती मुलींच्या वसतिगृहात गेली, ओळखीच्या बांगड्यांच्या दुकानात गेली, एका डोहाळजेवणात न बोलावता जाऊन बसली. आकांक्षा आणि सागर हे तिच्या खालच्या वर्गातले दोघे जण कानांना हेडफोन लावून वेगवेगळ्या खोल्यांत बसले. टाळ्या ऐकू आल्या की कळ दाबायची, एवढंच त्यांना सांगितलं होतं.

सगळं जुळवून पाहिलं त्या संध्याकाळी पायल बराच वेळ पडद्यासमोरून उठली नाही. वरूडकडच्या एका कीर्तनात, एका डॉक्टरीणबाईंच्या भाषणात, शाळेच्या स्नेहसंमेलनात म्हटलेल्या एका मुलीच्या कवितेनंतर, जिथे जिथे आधी पिवळं होतं तिथे हिरवं उगवलं होतं. आणि गावच्या त्या कॅसेटीत, दुर्गाबाईच्या गाण्यानंतर, हिरवी पट्टी सुरू झाली ती संपेचना. देवमन यांच्या कुठल्याही गाण्याला एवढी लांब पट्टी नव्हती. त्यांची पुढची पेटी सुरू झाली तरी ती खाली चालूच होती. आकांक्षा आणि सागर दोघांनीही तिथे कळ दाबून धरली होती.

पायलने हेडफोन लावला. मायक्रोफोनच्या अगदी जवळून कुणीतरी काही बोललेलं त्या जागी पूर्वीही ऐकू येई, पण शब्द लागत नव्हते. आता लागले.

"वाजवा वो बायाहो, वाजवा!"

तिने घरी फोन लावला. "बाबा, शेषराव गुरुजींचा टेप कोन धरून बसत होतं?"

"गुरुजी ठेजावर भाषनाले, तं त्यायची घरवाली धरून बसे. पार्वताबाई. बायायच्या बाजूले. काहून?"

"काही नाई," पायल म्हणाली. "तुमी सगळे अकोल्याले या. मोठ्या बाबायलेबी आना."

---

अकोल्याच्या सभागृहात पुढच्या रांगेत देवमन पांढरं धोतर आणि निळा फेटा बांधून बसले होते. ऐंशी ओलांडली होती, पण पाठ ताठ होती. त्यांचं गाणं लागलं, पडद्यावर हिरवी पट्टी आली, तेव्हा सभागृहातल्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या आणि ते उठून सगळ्यांना जयभीम करून बसले.

मग पायलने दुर्गाबाईचं गाणं लावलं.

 ते संपल्यावर तिने आधी जुनी पट्टी दाखवली, पिवळी. मग बांगड्यांचं सांगितलं. मांडवातली ती दुपारही सांगितली, तेव्हा लोक हसले. मग तिने नवी पट्टी लावली आणि आवाज मोठा केला. सगळ्या सभागृहात काच खुळखुळू लागली. आता ते काय आहे हे माहीत असल्याने दुसरं काही ऐकूच येईना. ती हिरवी पट्टी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन पुन्हा नव्या ओळीवर सुरू झाली, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी "वा!" म्हटलं.

रागिणी मॅडम कबूल केल्याप्रमाणे उभ्या राहिल्या आणि पडताळणी कशी केली ते त्यांनी सांगितलं. महादेवरावांनी चष्मा काढला.

"आमी म्हनलं, लोकायनं निवडलं ते आधी घेऊ," ते म्हणाले. "अन् आर्धे लोक आमाले मालूमच नव्हते. या बाईचं गानं सगळ्यात आधी लागन. बाकीच्या कॅसेटीबी पुन्हा तपासा, पोरी."

नागसेन यांनी शेजारच्या अनोळखी माणसाच्या हातावर हात ठेवला. "माही पोरगी," ते म्हणाले. मग दुर्गाबाईकडे बोट केलं. "अन् ते माही माय."

पायलने आजीकडे पाहिलं. ती रडेल असं तिला वाटलं होतं. दुर्गाबाई रडत नव्हती. ती नातीकडेच पाहत होती, मान थोडी वर करून, शाळेत बक्षीस घेणाऱ्या पोरीकडे पाहावं तशी.

चहाच्या वेळी व्हरांड्यात देवमन काठी टेकत दुर्गाबाईजवळ आले. पायल कप घेऊन उभीच होती.

"दुर्गाबाई, म्या तं ठेजावरच होतो. मले काहून नाई आयकू आलं?"

"तुमी समोर पायत होते. बाया बाजूले होत्या, कनातीच्या मांगं."

"तुले आयकू आलं होतं?"

"हो. मी ठेजाच्या त्याच कडीले बसली होती."

पायलचा हात कपावरच थांबला.

"मंग इतके वर्स सांगतलं काहून नाई?" देवमन म्हणाले. "म्या चार लोकाईत सांगत फिरलो."

"तुमी सांगा तं समदे हासत. मीबी हासो." दुर्गाबाईने पदर नीट केला. "अन् सांगतलं असतं तं तुमीच म्हनले असते, बायायच्या टाळ्या काय टाळ्या असतेत?"

देवमन यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. आत कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं.

"म्हनलो असतो," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "तुहा चहा थंडा होऊन राह्यला."

---

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. देवमन खिडकीशी डोळे मिटून बसले होते, नागसेन समोरच्या बाकावर. पायलला बडनेऱ्याला उतरून अमरावती गाठायची होती, बाकीचे पुढे धामणगावला जाणार होते. मूर्तिजापूर मागे पडलं. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं आणि काळ्या रानात तुरीच्या रांगा लांब लांब जात होत्या.

"तुले माईत होतं, तं ठेज काहून सोडला?" पायलने विचारलं. दुपारपासून तेच तिच्या मनात घोळत होतं.

"सोडाचं काय त्यात? दुसऱ्या दिशी ओलिताच्या वावरात निंदाले गेली, तं बायाईनं मले खुरपं हाती घेऊ देल्लं नाई. तू गानं म्हन, तुही निंदाची पात आमी लावतो. आख्खं गानं त्यायले पाठ होयेपर्यंत म्हनलं. मंग त्या आपापल्या मायेरी घेऊन गेल्या. त्या साली गावातल्या किती पोरी शायेत गेल्या, तुही आत्याबी गेली." ती हसली. "ठेजावर तं मांगं बसून झांजच वाजवा लागे."

पायलने फोन काढला. वायरचा एक बोंडका आजीच्या कानात घातला, एक स्वतःच्या कानात, आणि त्या टाळ्या लावल्या. दुर्गाबाईने डोळे बारीक केले.

"हे पार्वताबाई," ती म्हणाली. "'वाजवा' म्हनते नं, ते. थांब. हे मांगून किनकिन येते, ते सुमन असन, तिच्या बांगड्या लय बारीक. लगन होऊन नवीनच आली होती." ती ऐकत राहिली. "हासली ते कोन? रुखमा. मेली बिचारी."

पायलच्या मशीनने ज्याला एक पट्टी म्हटलं होतं, त्यातून आजी एकेक बाई उठवून बसवत होती. पायलने पुन्हा सुरुवातीपासून लावलं. या वेळी दुर्गाबाईने मधेच हात वर केला.

"हे आयकलं? थप, थप. याले बांगडी नाई."

तो आवाज पायलने किती वेळा ऐकला होता. पार्वताबाईंच्या मांडीवर टेपरेकॉर्डर हलत असेल, असं समजून तिने तो सोडून दिला होता.

"हा तुहा आजा हाये," दुर्गाबाई म्हणाली.

समोरच्या बाकावर नागसेन खिडकीबाहेर पाहत होते. त्यांनी मान वळवली.

"बुधाजी त्या दिशी मानसाईत बसलाच नाई. नागसेनले ताप होता, मी ठेजावर. मंग त्याले खांद्यावर घेऊन बायायच्या मांगं उभा होता, पार्वताबाईच्या पाठीशी. एका हातानं पोराले धरेल. आता टाळी वाजोते कशी?" तिने आपल्या मांडीवर सावकाश थाप मारून दाखवली. "असा वाजोत होता. समद्या थांबल्या तरी वाजोत होता."

बुधाजी त्यानंतर दोन वर्षांनी गेले होते. घरात त्यांचा एक फोटो होता, लग्नातला, चार माणसांत उभे असलेले. नागसेन यांना त्यांच्याबद्दल याहून जास्त काही आठवत नव्हतं, आणि आठवत नाही हेही त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

त्यांनी हात पुढे केला. पायलने आपल्या कानातला बोंडका काढून त्यांना दिला. वायर पुरेना, म्हणून ते बाकावरून पुढे सरकले, गुडघे आईच्या गुडघ्यांना टेकले, आणि वाकून ऐकू लागले. मोटारीतला बिघाड ऐकताना ते असेच वाकत, एक डोळा मिटून.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

"बांगड्यायच्या खालून आयक," दुर्गाबाई म्हणाली. "जाड आवाज."

नागसेन ऐकत राहिले. मग त्यांचा मिटलेला डोळा उघडला.  सगळं संपलं तेव्हा त्यांनी फोनकडे बोट केलं.

"पुन्हा लाव."

पायलने पुन्हा लावलं.

गाडी हळू झाली. बडनेऱ्याचा फलाट खिडकीतून सरकू लागला, चहावाले ओरडू लागले. पायलने बॅग खांद्याला अडकवली आणि उभी राहिली. फोन वडिलांच्या हातात होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला होता, आणि फलाटाकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

देवमन यांनी डोळे उघडले. "बडनेरा आलं, पोरी. उतर."

"येतो मी गावालेच," पायल म्हणाली. तिने बॅग काढून मांडीवर घेतली आणि खाली बसली.

"पुन्हा," नागसेन म्हणाले.